वाचकांचे प्रश्न : सोलापूरचा हेल येतो कुठून?

‘बोली आणि उच्चार’ या विषयावर प्रश्न पाठवा, असे आवाहन आम्ही केले होते. सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न येथे घेतले आहेत. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या शाळेतली मुले ‘मी काम केलो’, ‘तो मला सांगितला’ असे सर्रास बोलतात आणि तसेच लिहितात. पालकही तसेच बोलतात. हा अडाणीपणा म्हणायचा का? आणि लेखनात ही चूक सुधारायची कशी?
– शिक्षिका, दक्षिण सोलापूर

अडाणीपणाशी याचा काडीचाही संबंध नाही. ‘मी केलो’मागे एक पक्का नियम आहे. तो प्रमाण मराठीपेक्षा वेगळा आहे, इतकेच.

प्रमाण मराठीत सकर्मक क्रियापद भूतकाळात गेले की ते कर्त्याऐवजी कर्माच्या मागे जाते. भाकरी स्त्रीलिंगी, म्हणून ‘खाल्ली’. भात पुल्लिंगी, म्हणून ‘खाल्ला’. खाणारा बाप्या असो की बाई, क्रियापद बदलत नाही. कर्त्याला मात्र ‘ने’ लागतो : त्याने, तिने, आईने. कन्नडमध्ये ही रचना नाही. तिथे ‘मी काम केले’ला ‘नानु केलसा माडिदे’ म्हणतात आणि ‘माडिदे’तला शेवटचा प्रत्यय काम करणाऱ्याचा असतो. तेलंगणच्या तेलुगूतले ‘नेनु पनि चेसिन’ हेही तसेच. उत्तरेकडच्या उर्दूत ‘मैंने रोटी खाई’ असे ‘ने’चे वाक्य आहे, पण आपल्याकडच्या दख्खनी उर्दूने तो ‘ने’ सोडून दिला आणि ‘मैं रोटी खाया’ केले. म्हणजे सोलापुरात मराठीच्या अवतीभवती ज्या तीन भाषा रोज कानावर पडतात, त्या तिन्ही कर्त्याप्रमाणेच क्रियापद चालवतात.

हा सहवास आजकालचा नाही. सिद्धरामेश्वरांची बाराव्या शतकातली वचने कन्नडमध्ये आहेत, आणि दक्षिण सोलापूर तालुक्यातल्याच हत्तरसंग-कुडल येथे शके ९४० म्हणजे इ.स. १०१८ चा मराठी शिलालेख आहे. गिरण्या आणि हातमागांमुळे तेलंगणातून आलेली पद्मशाली कुटुंबे नंतरची. इतकी शतके एकाच बाजारात, एकाच अंगणात बोलल्यावर वाक्यांचे साचे एकमेकांत मिसळणारच. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडमध्ये जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी याच गोष्टीचा अभ्यास करून १९७१ मध्ये तो प्रसिद्ध केला. तिथल्या लोकांनी मराठी, कन्नड आणि उर्दू यांतले शब्द वेगळे ठेवले होते, पण वाक्यरचना जवळजवळ एकच करून टाकली होती. घरात एक आणि बाजारात दुसरी भाषा बोलणाऱ्याला एकच साचा पुरावा, ही सोय त्यामागे होती.

याचे एक कारण खुद्द मराठीतही आहे. ‘त्याने’मध्ये ‘ने’ दिसतो, पण ‘मी’ आणि ‘तू’ला तो लागतच नाही. ‘मी आलो’ आणि ‘मी केले’ या दोन्हींतला ‘मी’ एकसारखाच दिसतो. शिवाय शुद्ध मराठीतही ‘मी गोष्ट विसरलो’, ‘मी मराठी शिकलो’, ‘मी दूध प्यालो’ ही कर्म असलेली आणि तरी कर्त्यामागे जाणारी वाक्ये आहेतच. मूल त्याच वाटेने एक पाऊल पुढे जाते आणि ‘मी काम केलो’ म्हणते. म्हणून ही रूपे आधी ‘मी’पाशी दिसतात आणि मग ‘तो सांगितला’पर्यंत पोचतात.

आता सुधारणेकडे. ‘ने लावा’ एवढेच सांगितले की मुले ‘त्याने आला’, ‘तिने गेली’ असे लिहू लागतात. सोलापूरच्या वह्यांत ही दुसरी चूक पहिलीइतकीच सापडते, आणि ती अर्धवट शिकवण्यातून आलेली असते. क्रम असा ठेवा. आधी क्रियापदाला ‘काय?’ विचारायला लावा. काय खाल्ले? भाकरी. उत्तर मिळाले तर कर्त्याला ‘ने’ आणि क्रियापद त्या उत्तराप्रमाणे. काय आले? काय बसले? इथे उत्तर म्हणून पुन्हा करणाराच येतो, म्हणून ‘ने’ नाही. मग अपवादांची छोटी यादी पाठ करून घ्या : शिकणे, विसरणे, पिणे, बोलणे, समजणे. शेवटी तिसरी पायरी. कर्माला ‘ला’ लागला की क्रियापद कुणाच्याच मागे जात नाही, नपुंसकलिंगी एकवचनात थांबते : ‘त्याने मुलीला बोलावले’, ‘तिने मुलांना बोलावले’.

वाक्ये त्यांच्या घरातली घ्या. आईने विड्या वळल्या. बाबांनी माग चालवला. आजीने शेंगाचटणी कुटली. दादाने चादर विणली. रोज पाच वाक्ये, तीन आठवडे, एवढे पुरते. मात्र मूल तोंडी काही सांगत असताना मध्येच थांबवून ‘केलो नाही, केले’ म्हणू नका. ते रूप शिकत नाही, फक्त बोलायचे बंद होते. त्याचे सांगून झाले की तेच वाक्य प्रमाण रूपात आपण सहज म्हणावे : ‘हो का, तू अभ्यास केलास?’

प्रश्न : आमच्या घरात कन्नड. डी.एड. झाल्यावर मुलाखतीत ‘चांगला’चा उच्चार चुकतो असे सांगण्यात आले. मला दोन्ही ‘च’ सारखेच ऐकू येतात. काय करावे?
– अक्कलकोट

मराठीत लिहिताना ‘च’ एकच, बोलताना दोन. ‘चांगला, चाक, चूल, चव’ यांतला दंततालव्य, म्हणजे जिभेचे टोक वरच्या दातांच्या मुळाशी. ‘चार, चिमणी, चंद्र, चेहरा’ यांतला तालव्य, म्हणजे जिभेचा पसरट भाग टाळूकडे. ‘ज’ आणि ‘झ’चेही तसेच. ‘जरा थांब’मधला ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’, हे दोन शब्द केवळ या फरकाने वेगळे होतात. कन्नडमध्ये तालव्य ‘च’ तेवढा आहे, त्यामुळे कन्नड तोंडातून ‘च्यांगला’, ‘च्याक’ येते. तेलुगूत दोन्ही आहेत, पण कुठला वापरायचा हे पुढचा स्वर ठरवतो. म्हणून तेलुगू घरातल्या माणसाचे ‘चाक’ नेमके येते आणि ‘चंद्र’, ‘जन्म’ दातांकडे सरकतात.

आधी तोंडाला वळण लावा, कान मागून तयार होतो. ‘त’ म्हणण्यासाठी जीभ दातामागे टेकवा, हवा अडवा आणि सोडताना ‘स’ म्हणा : त्स. ‘त्सांगला’ हळू म्हणा, मग वेग वाढवा. ‘ज’साठी हेच ‘द’पासून सुरू करा. उच्चार बरोबर असेल तर हवा दातांच्या फटीतून निघते आणि ओठांसमोर धरलेल्या बोटाला थंड लागते.

कुठे कोणता, याचा ढोबळ नियम असा : पुढे इ, ई, ए किंवा य असेल तर तालव्य. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले (चरित्र, जन्म, जल) आणि अलीकडे इंग्रजीतून आलेले (चॉकलेट, चार्जर, जॅकेट) शब्दही तालव्य. उरलेले रोजचे मराठी शब्द बहुतेक दंततालव्य. ‘चार’सारखे अपवाद आहेत, ते पाठच करावे लागतात. शब्दाचे रूप बदलले की ‘च’ही बदलतो, आणि भल्याभल्यांची चूक होते ती इथे : ‘माझा’ दातांचा, ‘माझी’ टाळूचा. ‘चमचा’तले दोन्ही दातांचे, ‘चमचे’मध्ये दुसरा टाळूचा.

सरावाला लांब उतारे नकोत. ‘चार चमचे’, ‘चार चाके’, ‘जेवायला जा’, ‘जरा जपून’, ‘झाडावर झेंडा’ हे पाच साधे शब्दगट रोज सकाळी दहा मिनिटे म्हणा, फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी ऐका. लगेच ऐकले तर आपल्याला काय म्हणायचे होते तेच ऐकू येते, म्हणून एक दिवस मध्ये जाऊ द्या. सहा ते आठ आठवड्यांत वाचताना उच्चार बसतो. घाईत, रागात किंवा मुलाखतीच्या धास्तीत जुना उच्चार परत येईल. तसे झाले म्हणून सराव वाया गेला असे समजू नका.

प्रश्न : आम्ही घरी उर्दू बोलतो. माझ्या मुलाला ‘ळ’ येत नाही, ‘शाळा’ला ‘शाला’ म्हणतो. शेजारच्या तेलुगू मुलांना कसा येतो?
– विजापूर वेस

तेलुगूत आणि कन्नडमध्ये ‘ळ’ आहे, उर्दूत नाही, म्हणून. जिभेचे टोक मागे वळवून टाळूला टेकवायला सांगा. तिथूनच ‘ट’ आणि ‘ड’ निघतात आणि ते उर्दूतही आहेत. ‘ड’च्या जागी जीभ ठेवून ‘ल’ म्हणायचे, म्हणजे ‘ळ’. ‘काल–काळ’, ‘वेल–वेळ’, ‘पाल–पाळ’ या जोड्या घ्या. सात-आठ वर्षांच्या आतल्या मुलाला महिनाभरात जमते. दख्खनीने मराठीकडून ‘नको’चे ‘नक्को’ आणि ‘मैंच’मधला ‘च’ आनंदाने घेतला आहे, हे त्याला जरूर सांगा. आपल्या घरची भाषा मराठीला परकी नाही, हे कळले की मूल मोकळेपणाने बोलते.

प्रश्न : आम्ही पूर्व भागात राहतो, घरी तेलुगू. मुलगी पाच वर्षांची आहे, मराठी माध्यमात घातली आहे. ‘तिच्या मराठीला हेल आहे, घरीही मराठीच बोला’ असे शाळेतून सांगतात. सासूबाईंना मराठी जेमतेम येते. तेलुगू बंद करावी का?

नाही. अजिबात करू नका.

आवाजांची निवड मूल फार लवकर करते. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीझ यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात इंग्रजी घरांतल्या बाळांना हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ ऐकवले होते. सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना फरक कळत होता. दहा-बारा महिन्यांपर्यंत तो बहुतेकांना कळेनासा झाला, कारण आजूबाजूला त्याचा उपयोग नव्हता. तुमची मुलगी जन्मापासून तेलुगू आणि गल्लीतली मराठी दोन्ही ऐकते आहे. तिच्या कानात दोन्हींची जागा तयार आहे.

हेल ठरवण्यात आईवडिलांपेक्षा सवंगड्यांचा हात मोठा असतो. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स या नव्याने वसवलेल्या शहरात पॉल कर्सविल आणि अ‍ॅन विल्यम्स यांनी ४, ८ आणि १२ वर्षांच्या मुलांची बोली तपासली. चार वर्षांची मुले आईवडिलांसारखी बोलत होती, मोठी मुले मात्र एकमेकांसारखी. कुंभारीच्या विडी घरकुलासारख्या वसाहतीत तेलुगू, कन्नड, मराठी घरांतली मुले एकत्र खेळतात, तिथेही लक्ष देऊन ऐकले तर हे जाणवेल. तेव्हा मराठी वाढवायची तर घरातली तेलुगू कमी करण्याऐवजी मराठी मैत्रिणी वाढवा. रोज तासभर खेळ, आठवड्यातून दोन-तीनदा कुणाच्या तरी घरी जाणे, मोठ्याने वाचलेल्या गोष्टी.

तुम्ही स्वतः अडखळत मराठी बोलू लागलात तर मुलीला तोडकी मराठी मिळेल आणि आजीची भरभक्कम तेलुगू जाईल. आजीने ज्या भाषेत ती खरी बोलते त्याच भाषेत बोलावे. तेलुगूचा एक फायदा तर आत्ताच दिसेल. मराठीत ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि वगळून ‘आम्ही’. तेलुगूत हाच भेद ‘मनमु’ आणि ‘मेमु’ असा आहे. हिंदी घरातली मुले इथे वर्षानुवर्षे चुकतात, तुमची मुलगी चुकणार नाही.

अडचण येईल ती वस्तूंच्या लिंगांत. तेलुगूत निर्जीव वस्तूंना मराठीसारखी तीन लिंगे नाहीत. ‘ती खुर्ची’, ‘तो पंखा’, ‘ते दप्तर’ असा प्रत्येक नवा शब्द ‘तो, ती, ते’ लावूनच शिकवा. महाप्राणही, म्हणजे ‘थ’, ‘घ’, ‘भ’सारखे ‘ह’ मिसळलेले आवाजही ऐका. बोलीतल्या तेलुगूत आणि कन्नडमध्ये ते सैल पडतात, म्हणून ‘भात’चा ‘बात’ आणि ‘घर’चे ‘गर’ होते. ओठांपासून चार बोटांवर कागदाची पट्टी धरा. ‘ताप’ म्हणताना ती जेमतेम हलेल, ‘थाप’ म्हणताना चांगली उडेल. मुलांना हा खेळ आवडतो. ‘घ’, ‘ध’, ‘भ’साठी पट्टी तितकी हलत नाही, तिथे तळहात तोंडासमोर धरून उबदार श्वास जाणवतो का ते पाहावे.

सहा-सात वर्षांपर्यंत ‘र’ किंवा ‘श’ कच्चा असणे नेहमीचे आहे. मात्र मूल तेलुगूतही तेच आवाज चुकवत असेल, घरच्यांनाही तिचे बोलणे कळत नसेल किंवा हाक ऐकू जात नसेल, तर तो हेल नव्हे. आधी कान तपासून घ्या आणि मग वाचा-उपचार तज्ज्ञांकडे जा.

प्रश्न : ‘बारा कोसांवर भाषा बदलते’ म्हणतात. हे पाण्यामुळे की हवेमुळे?
– बार्शी

पाण्यात किंवा हवेत उच्चार घडवणारे काही नसते. माणूस कुणाशी रोज बोलतो, त्यावर तो घडतो. बार्शीचा आठवडी बाजार, नोकरी, सोयरिकी यांचा ओढा धाराशिवकडे आहे, म्हणून बार्शीची बोली मराठवाड्याला लागून. माळशिरस, सांगोल्याचा पुण्या-साताऱ्याकडे आणि सांगलीकडे. सोलापूरपासून साधारण चाळीस किलोमीटरवरच्या अक्कलकोटला निम्मा बाजार कन्नडमध्ये चालतो. रस्ता झाला, एसटी सुरू झाली, कॉलेज निघाले की रेषा सरकते. नदीवर पूल नसताना दोन काठांच्या बोली वेगळ्या पडतात आणि पूल झाल्यावर दोन पिढ्यांत जवळ येतात. ती करामत नदीच्या पाण्याची नव्हे, येण्याजाण्याची.

प्रश्न : माझे माहेर सातारा जिल्ह्यात. लग्न होऊन सोलापुरात आले आणि आता माहेरी गेले की वहिनी म्हणतात, ‘तुमचं तोंड फिरलं.’ सासरचे म्हणतात, ‘अजून साताऱ्याचंच बोलता.’ मी मुद्दाम काही करत नाही. मोठेपणी असे बदलते का?

बदलते, आणि दोन्हीकडचे म्हणणे खरे आहे. वयात आल्यानंतर उच्चार समूळ पालटत नाही, पण समोरच्याकडे सरकतो. हॉवर्ड जाइल्स यांनी १९७३ पासून यावर काम केले : ज्याच्याशी जवळीक हवी त्याच्यासारखे आपण नकळत बोलू लागतो, आणि ज्याच्यापासून अंतर ठेवायचे असते त्याच्याशी आपल्या मूळ वळणाला घट्ट धरतो. इंग्लंडच्या राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांची नाताळची भाषणे जोनाथन हॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी तपासून २००० मध्ये निष्कर्ष मांडला, की १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकापर्यंत राणीचेही स्वर सामान्य प्रजेच्या उच्चारांकडे सरकले होते. ज्यांना कुणाची नक्कल करण्याची गरज नव्हती, त्यांचेही सरकले.

आधी शब्द बदलतात, उच्चार मागून.  म्हणून तुमच्या तोंडी सोलापूरचे ‘करायलाय’ आले असेल, पण आवाजाचा मूळ साज साताऱ्याचा राहिला असेल. माहेरी चार दिवस राहिलात की पुष्कळसे परत येते. यात खोटेपणा नाही. माणसांत मिसळणाऱ्या माणसाचे असेच होते.

प्रश्न : पुण्यात नोकरी लागली. ‘काय करायलास बे?’ म्हटले की ऑफिसात हसतात. एका वरिष्ठांनी ‘बे’वरून सुनावले. सोलापुरी बोलणे सोडून द्यावे का? कसे?
– मूळ रा. साखर पेठ

सोडू नका. एक जास्तीची रीत शिका. सोलापुरात ‘बे’ दोस्तीचा आहे, बरोबरीच्यांत चालतो. थोरांसाठी इथेही ‘काय वो’, ‘बसा की वो’ असते, हे तुम्हाला माहीतच आहे. नागपूरकडेही ‘बे’ आहे. पुण्यात मात्र तो ‘अबे’चा तुकडा म्हणून अपमानाच्या अर्थाने कानावर जातो. सुनावणाऱ्याला सोलापूरची रीत ठाऊक नव्हती. पण ऐकणाऱ्याला लागले, हे खरेच, म्हणून ऑफिसात तो आवरावा.

‘करायलास’ची गोष्ट वेगळी. हे रूप सोलापूर, लातूर, धाराशिव, नांदेड एवढ्या मोठ्या पट्ट्यात चालते. उत्तर कर्नाटकात ‘तो करतोय’ला ‘माडाकत्तान’ म्हणतात. त्यात ‘करायला’ या अर्थाचे रूप आणि ‘हत्तु’ म्हणजे चिकटणे, लागणे, हे क्रियापद आहे. आपल्या ‘करायला लागलाय’ची बांधणी त्याच्याशी ताडून पाहा. ‘उद्या येतो म्हणून म्हणाला’ हेही असेच : तेलुगूत ‘वस्ता अनि चेप्पिंडु’, कन्नडमध्ये ‘बर्तीनि अंत हेळिदा’, दख्खनीत ‘आतूँ बोलके बोला’. चार भाषांनी मिळून घडवलेली ही वाक्ये आहेत. त्यांची लाज वाटावी असे त्यांत काही नाही.

सराव करायचाच तर एकदम सगळे बदलू नका. एका वेळी तीनच गोष्टी घ्या. ऑफिसच्या बोलण्यापुरता ‘बे’ थांबवणे, ‘करायलोय’ऐवजी ‘करतोय’, आणि ‘मी केलो’ऐवजी ‘मी केले’ किंवा ‘केलं’. आधी दोन मिनिटे आपले नेहमीचे बोलणे रेकॉर्ड करून ही रूपे किती वेळा येतात ते मोजा, म्हणजे सुरुवात कुठून आहे ते कळेल. मग दर आठवड्याला पुन्हा मोजा. तयार मजकूर वाचून काही हाती लागत नाही. वाचताना आपण सगळेच प्रमाण बोलतो, घसरतो ते बोलण्याच्या ओघात. म्हणून ‘काल काय काय केले’ हे न थांबता सांगण्याचा सराव करा. त्यात भूतकाळ आपोआप येतो. वाक्याच्या शेवटचा स्वर लांबवण्याची सवय असेल तर शेवटचा शब्द मुद्दाम आखूड तोडा. कन्नड-तेलुगूत बहुतेक शब्द स्वरान्त असल्यामुळे आपल्याकडे तो स्वर रेंगाळतो.

नेहमीची फसगत अशी की माणूस घाईने पुणेरी होऊ पाहतो आणि प्रत्येक ‘न’चा ‘ण’ करून ठेवतो. ते लगेच उघडे पडते. प्रमाण बोलताना सोलापूरचा हेल थोडा राहिला तर राहू द्या, समोरच्याला अर्थ स्पष्ट कळला की काम झाले. आणि घरी फोन लावला की आईशी सोलापुरीतच बोला.

प्रश्न : वडिलांनी तीस वर्षे यंत्रमागावर काम केले. आमच्या घरात सगळेच ओरडून बोलतात, पाहुणे विचारतात, भांडण चाललेय का? ही सवय की आणखी काही?

दोन्ही असू शकते. एतियेन लोंबार या फ्रेंच कान-नाक-घसा तज्ज्ञाने १९११ मध्ये दाखवले, की भोवती गोंगाट असला की बोलणाऱ्याचा आवाज आपोआप चढतो. नुसता चढत नाही. पट्टी वर जाते, स्वर लांबतात, तोंड जास्त उघडते. यंत्रमागाच्या शेडमध्ये आवाज ९० डेसिबलच्या पुढे सहज जातो. कारखान्यांसाठी आठ तासांची मर्यादा ९० आहे. मोजण्याचे यंत्र नसले तरी हाताच्या अंतरावरच्या माणसाशी आवाज चढवून बोलावे लागत असेल, तर पातळी ८५ च्या वर आहे असे समजावे. अशा शेडमध्ये वर्षे काढलेल्याची पट्टी घरीही खाली येत नाही, आणि मुले तीच उचलतात.

पण वडिलांचे ‘आवाज येतो, शब्द कळत नाही’ असे होत असेल तर कान तपासलेच पाहिजेत. सततच्या गोंगाटाने आतल्या कानातल्या पेशी मरतात आणि नुकसान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास होते. ‘स’, ‘श’, ‘थ’, ‘ख’ यांची ओळख पटवणारा भाग याच वरच्या पट्टीत असतो. स्वर ऐकू येतात, व्यंजने निसटतात, आणि ‘साठ’, ‘पाठ’, ‘खाट’ सारखेच वाटू लागतात. ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, करून घ्या. चाचणीआधी किमान १४ तास मागाच्या आवाजापासून दूर राहायला हवे, नाहीतर तात्पुरता बधिरपणा धरून आकडे वाईट दिसतात. गेलेली श्रवणशक्ती परत येत नाही, श्रवणयंत्राने उरलेली वापरता येते.

घरात आणखी मोठ्याने बोलून उपयोग नाही. टीव्ही बंद करा, एक मीटरच्या आत समोर या, चेहऱ्यावर उजेड असू द्या, पट्टी खाली आणि वेग कमी ठेवा. घरातले कुणी अजून मागावर जात असेल तर कानात कापूस घालणे जवळजवळ निरुपयोगी आहे. फोमचे बोळे वापरा : बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून तीस सेकंद बोट टेकवून धरायचे. हा शेवटचा अर्धा मिनिट बहुतेक जण टाळतात. मग बोळा फुगताना बाहेर येतो आणि ‘याने काही होत नाही’ म्हणून फेकला जातो.

प्रश्न : आजी ऐंशीच्या पुढे आहे. तिची तेलुगूमिश्रित मराठी आमच्या पिढीत कुणी बोलत नाही. तिचा आवाज नीट कसा जतन करावा?

लवकर करा. दात गेले किंवा कवळी बसली की उच्चार बदलतात.

आधी तिची परवानगी घ्या आणि थोडे रेकॉर्ड करून तिलाच ऐकवा, म्हणजे ती मोकळी होईल. साधा फोन चालतो, पण रेकॉर्डिंग ‘वेव्ह’ प्रकारात, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो असे ठेवा. तासाला सुमारे ३१५ एमबी जागा लागते. संदेशाच्या अ‍ॅपमधली ध्वनिफीत वापरू नका. ती दाबून लहान केलेली असते आणि ‘स’, ‘श’, ‘त्स’ यांतले बारकावे त्यात पुसले जातात. फोन विमान मोडवर टाका. टेबलावर थेट न ठेवता घडी घातलेल्या चादरीवर, तोंडापासून २० ते ३० सेंटिमीटरवर आणि जरा बाजूला ठेवा. नेमका समोर ठेवला की ‘प’, ‘भ’चा श्वास फटकन आदळतो. पंखा, फ्रिज, टीव्ही बंद. फरशीच्या रिकाम्या खोलीत आवाज घुमतो, गाद्या आणि कपडे असलेली खोली बरी.

सुरुवातीला दहा सेकंद शांतता ठेवा, मग तारीख, आजीचे वय, जन्मगाव, माहेरची भाषा आणि कोणत्या गावी किती वर्षे राहिली ते बोलून घ्या. पुढे ऐकणाऱ्याला या माहितीशिवाय उच्चारांचा अर्थ लावता येत नाही. एका बैठकीला अर्धा-पाऊण तास पुरे.

‘तू या शब्दाला काय म्हणतेस?’ असे विचारले की आजी सावरून बोलते. त्यापेक्षा काम करायच्या रीती विचारा : विडीसाठी तेंदूचे पान कसे भिजवायचे आणि कापायचे, कडक भाकरी किती पातळ थापायची, गड्ड्याच्या यात्रेला पूर्वी काय काय मिळायचे. हात चालवत सांगताना मूळ बोली येते. शेजारची तिच्याच वयाची मैत्रीण जवळ बसवता आली तर फारच उत्तम, कारण नातवाशी बोलताना ती तुमच्याकडे सरकते आणि मैत्रिणीशी बोलताना आपल्या जागी राहते. तुम्ही मध्ये ‘हं, हं’ करू नका, मान हलवा.

फाइलला तारीख आणि गाव असलेले नाव द्या आणि प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. लिहून काढायला एका तासाच्या रेकॉर्डिंगमागे सहा-आठ तास धरून चाला. लिहिताना ती ‘केलो’ म्हणाली तर ‘केलो’च लिहा, ‘गर’ म्हणाली तर ‘गर’. मध्येच आलेले तेलुगू वाक्य गाळू नका. देवनागरीत तसेच उतरवा आणि त्याचा मराठी अर्थ समासात द्या. कळले नाही तिथे मिनिट-सेकंद टिपून ठेवा आणि ती जागा आजीलाच पुन्हा ऐकवून विचारा.